अडेल्फीच्या दाराशी

१८२०च्या सुमाराला लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून संध्याकाळी नाटकाला निघालेल्या माणसाला अडेल्फी थिएटरच्या दाराशी तिकीट काढण्याआधीच एक खेळ पाहायला मिळे. पिसे खोचलेली तिकोनी टोपी, अंगात जुनाट कोट, हातात फिडल आणि एका पायाच्या जागी लाकडाचा खुंट. तो काळा माणूस फिडल वाजवायचा, गायचा आणि त्या खुंटावर गिरकी घेऊन नाचायचा. दुसऱ्या कुणी जी उणीव झाकली असती, तिचाच त्याने टेकू केला होता. त्याचे ठरलेले गाणे पॉली नावाच्या मुलीला लग्नाची मागणी घालणारे होते. येणारेजाणारे हसत, ठेका धरत आणि अर्धा पेनी टाकून आत शिरत. त्याचे नाव बिली वॉटर्स. त्या काळच्या लंडनमध्ये त्याला ओळखत नाही असा माणूस सापडणे कठीण होते.

आज मात्र त्याला ओळखणारे फार थोडे आहेत. लंडनच्या इतिहासात रस असलेल्या माणसांनाही तो एखाद्या तळटीपेतच भेटतो. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटले ते एका विरोधामुळे. ज्या वर्षांत त्याचे चित्र दुकानांत विकले जात होते आणि त्याच्या नावाचे पात्र रंगभूमीवर टाळ्या घेत होते, त्याच वर्षांच्या शेवटी तो सेंट जाइल्सच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे पॅरिशने चालवलेल्या निराधारांच्या घरात, मरण पावला. तारीख होती २१ मार्च १८२३. शहराचा इतका लाडका माणूस निराधार कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला त्याच्यापेक्षा त्याच्यावर प्रेम करणाऱ्या शहराचीच जास्त ओळख झाली.

अशा माणसाचा इतिहास लिहिताना पहिली अडचण साधनांची येते. बिलीने स्वतः काही लिहिलेले नाही. त्याच्याविषयी जे आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेले, काढलेले, छापलेले. इंग्लिश अभ्यासक मेरी शॅनन यांनी २०२४मध्ये त्याच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी आरमाराची दप्तरे, चित्रे, नाटकांच्या संहिता, वर्तमानपत्रे असा पसारा धुंडाळला. ही सगळी साधने एका बाजूला ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्यातली बहुतेक कुणीतरी काहीतरी विकण्यासाठी तयार केली होती. चित्रकाराला चित्र विकायचे होते, नाटककाराला तिकिटे, छापखानेवाल्याला एक पेनीचा कागद. अपवाद फक्त आरमाराच्या हजेरीपटाचा. तिथल्या कारकुनाला बिली वॉटर्स गमतीदार वाटला पाहिजे, अशी कुठलीच गरज नव्हती. म्हणून आधी त्याच दप्तराकडे जाऊ.

त्यातला विल्यम वॉटर्स न्यूयॉर्कचा आहे. जन्म १७७०च्या दशकातला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीतला. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, १८११मध्ये, तो ब्रिटिश आरमारात गॅनिमीड या जहाजावर दाखल झाला. त्याची नोंद नवख्या पोऱ्याची नाही, कसलेल्या खलाशाची आहे. पुढे त्याला बढतीही मिळाली. १८१२मध्ये डोलकाठीवर उंच बसवलेल्या, शीड बांधायच्या आडव्या काठीवरून तो खाली पडला आणि त्याचा पाय कापावा लागला. पायाच्या बदल्यात आरमाराने त्याला छोटीशी पेन्शन दिली. कुटुंब चालावे एवढी ती नसणार. नाही तर पाय गमावलेला माणूस रोज संध्याकाळी रस्त्यावर नाचायला उभा राहिला नसता.

ब्रिटिश आरमारात त्या काळी काळे खलाशी थोडेथोडके नव्हते. कॅरिबियन बेटांतले, अमेरिकेतले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे लोक गोऱ्यांच्या जोडीने शिडे ओढत. युद्ध संपले आणि चित्र पालटले. १८१३च्या आसपास आरमारात १,४०,०००हून जास्त माणसे होती. चार वर्षांत ती २०,०००च्या आत आली. बाकीचे किनाऱ्यावर. लंडनच्या गोद्यांभोवती, टॉवर हिलवर, सेंट जाइल्सच्या गल्ल्यांत हात-पाय गमावलेले खलाशी दिसू लागले. त्यांच्यात आपलेही लोक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर हिंदुस्थानातून गेलेले लस्कर परतीच्या जहाजाची वाट पाहत लंडनमध्ये अडकून पडत. त्यांचे हाल इतके झाले की १८१४-१५मध्ये पार्लमेंटच्या समितीला त्यात लक्ष घालावे लागले. बिलीचा रस्ता आणि आपल्या लस्करांचा रस्ता एकाच गोदीतून निघत होता.

परक्या मुलखात जन्मलेल्या गरिबाची आणखी एक पंचाईत होती. इंग्लंडमधली गरिबांना मदत देण्याची व्यवस्था पॅरिशवर उभी होती. ज्या पॅरिशमध्ये तुमचे ‘मूळ’ मानले जाई, तिने तुम्हाला पोसायचे. ज्याचे मूळच समुद्रापार, त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे? जॉन टॉमस स्मिथ या चित्रकाराने १८१७मध्ये लंडनच्या भिक्षेकऱ्यांवर ‘व्हॅगाबॉन्डियाना’ नावाचे सचित्र पुस्तक काढले. त्यात जोसेफ जॉन्सन नावाचा काळा खलाशी आहे. तो व्यापारी जहाजांवर काम करत असे, त्यामुळे त्याला आरमाराची पेन्शन नाही आणि कुठल्याच पॅरिशवर हक्क नाही. त्याने ‘नेल्सन’ या जहाजाची प्रतिकृती करून टोपीवर बसवली. तो रस्त्यावर आरमारी गाणी म्हणायचा आणि गाता गाता असा डुलायचा की डोक्यावरचे जहाज लाटांवर हेलकावे खाते आहे असे वाटावे. शेतकऱ्यांच्या गाड्यांत बसून तो बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतही जात असे.

जॉन्सनचे जहाज आणि बिलीची पिसांची टोपी या दोन गोष्टी मला शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. दोघांनीही आपले दुःख दाखवून पैसे मागितले नाहीत. त्यांनी त्या दुःखाचा खेळ केला, आणि त्या खेळात डोके होते. ‘मी तुमच्या युद्धात होतो, तुमच्या जहाजावर होतो,’ हे गर्दीला व्याख्यान न देता सांगायचे, तेही ती हसत असताना. आपल्याकडचा वासुदेव मोरपिसांची टोपी घालून दारात येतो तेव्हा त्याच्या टोपीला कित्येक पिढ्यांची मान्यता असते. घरातली म्हातारी सुपातून दाणे आणते, कारण ते देणे हा रीतीचा भाग असतो. बिलीच्या टोपीमागे अशी कुठलीच रीत नव्हती. स्वतःची परंपरा त्याला रस्त्यावर उभे राहून एकट्यानेच तयार करावी लागली.

तो लवकरच चित्रांत आला. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात त्याचे एक तैलचित्र आहे. ते डेव्हिड विल्की या स्कॉटिश चित्रकाराचे असावे असे मानले जाते. १८२०मध्ये टी. एल. बझ्बी याने लंडनच्या ‘खालच्या वर्गां’च्या पोशाखांचा एक चित्रसंग्रह काढला, त्यात बिलीला स्वतंत्र पान मिळाले. सोबतच्या मजकुरात त्याची बायको आणि लहान मुलगी यांचाही उल्लेख येतो. हा उल्लेख मला मोलाचा वाटतो. संध्याकाळी खेळ संपल्यावर हा माणूस कुठेतरी जातो, तिथे त्याची वाट पाहणारे कुणी असते, हे एवढ्या एका ठिकाणी दिसते. बाकी सगळीकडे तो नाचतच असतो.

अशा चित्रसंग्रहांची त्या काळी मोठी चलती होती. त्याच सुमाराला हिंदुस्थानातले चित्रकार कंपनीच्या साहेबांसाठी धोबी, भिस्ती, गारुडी, गोसावी यांची चित्रे काढून देत होते. लंडनमधले गरीब आणि हिंदुस्थानातले व्यवसाय, दोन्ही एकाच पद्धतीने कागदावर मांडले जात होते: प्रत्येकाला एक पान, एक पोशाख, हातात एक वस्तू. पाहणाऱ्याला जग आवाक्यात आल्यासारखे वाटावे, अशी ती मांडणी होती. त्यात माणसाचा चेहरा ओळखू येई, त्याचे म्हणणे मात्र ऐकू येत नसे.

मग १८२१ साल आले. पिअर्स इगन या लेखकाचे ‘लाइफ इन लंडन’ हे पुस्तक गाजत होते. टॉम आणि जेरी हे दोन छानछोकीचे तरुण लंडनचे उजेडातले आणि अंधारातले कोपरे पालथे घालतात, अशी त्याची कथा. चित्रे जॉर्ज आणि रॉबर्ट क्रुकशँक या भावांची. मांजर आणि उंदराच्या कार्टूनमुळे आपल्या ओळखीची असलेली ही नावांची जोडी, त्या कार्टूनच्या शंभराहून जास्त वर्षे आधी अशी घरोघर पोचली होती. या पुस्तकावर अनेक थिएटरांनी नाटके रचली. सर्वांत गाजले ते डब्ल्यू. टी. मॉन्क्रीफ याचे, २६ नोव्हेंबर १८२१ रोजी रंगभूमीवर आलेले. त्याचे प्रयोग शंभराच्या पुढे गेले. आणि ते झाले अडेल्फीत, ज्याच्या दाराशी बिली उभा राहत असे त्याच थिएटरात.

नाटकात एक प्रवेश सेंट जाइल्सच्या वस्तीतला आहे. दिवसभर लंगडे, आंधळे, थोटे म्हणून भीक मागणारे लोक रात्री एका गुत्त्यात जमतात. तिथे कुबड्या बाजूला पडतात, डोळे उघडतात आणि चंगळ सुरू होते. या टोळीत बिली वॉटर्स नावाचे पात्र आहे, टोपी-फिडलसकट. तोंडाला काळे फासलेला गोरा नट ते करी. ताटात टर्की आली पण सोबत सॉसेज नाहीत, म्हणून हा ‘बिली’ कुरकुर करतो आणि प्रेक्षागृह खदखदून हसते.

हा विनोद नीट पाहायला हवा. बिलीचा पाय खरोखरच गेला होता. आरमाराच्या दप्तरात त्याची नोंद होती. तो खेळ करून पैसे मिळवत होता, सोंग घेऊन नव्हे. पण रंगमंचावर त्याला सोंगाड्यांच्या पंगतीत बसवले गेले, तेही त्याच्या खऱ्या नावाने. आत हा प्रवेश पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला दाराशी खरा बिली दिसत असणार. त्याच्या टोपीत अर्धा पेनी टाकण्यापूर्वी त्या प्रेक्षकाच्या मनात टर्की येणार नाही काय?

नाटकामुळेच बिलीची कमाई बुडाली, असे त्याच्या मृत्यूनंतर छापून आले. त्या कथेनुसार त्याला पोटासाठी फिडल गहाण टाकावी लागली आणि मरताना त्याने टॉम-जेरीच्या नावाने बोटे मोडली. त्याचे शेवटचे शब्द म्हणून जे छापले गेले ते मी जसेच्या तसे मानत नाही, कारण तो कागदही विकण्यासाठीच छापलेला होता. सेंट जाइल्सला लागूनच असलेल्या सेव्हन डायल्स भागात जेम्स कॅटनाकसारखे छापखानेवाले होते. फाशी, खून, प्रसिद्ध माणसाचा मृत्यू, असे काही घडले की पेनीला एक कागद छापून ते गल्लोगल्ली विकत. बिलीचे थट्टेखोर मृत्युपत्र आणि त्याच्या अंत्ययात्रेचे वर्णन असलेला कागदही निघाला. मृत्यूपूर्वी भिकाऱ्यांनी त्याला आपला राजा निवडले, ही गोष्ट अशाच वातावरणात पसरली. वर्कहाऊसच्या खाटेवर पडलेल्या माणसाला ‘राजा’ म्हणणे यात किती प्रेम आणि किती टवाळी होती, हे वेगळे काढता येत नाही.

तरी त्या कथेचा गाभा मला पटतो. गरिबाला देणे बंद करण्यासाठी समाजाला त्याचा द्वेष करावा लागत नाही. ‘हा आपल्याला फसवतो आहे’ एवढी शंका पुरते. सिग्नलला ढोलकी वाजवणारा मुलगा काचेशी आला की गाडीत कुणीतरी म्हणतेच, ‘यांची कमाई आपल्यापेक्षा जास्त असते.’ हे वाक्य मी मुंबईत ऐकले आहे, पुण्यात ऐकले आहे, आणि म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. मॉन्क्रीफच्या नाटकाने तेच वाक्य दोन तास रंगवून, संगीत घालून, तिकीट लावून दाखवले.

या शंकेला त्या काळी संस्थेचे रूपही मिळाले होते. १८१५मध्ये पार्लमेंटने लंडनमधल्या भीक मागण्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १८१८मध्ये भिक्षानिर्मूलनासाठी मेंडिसिटी सोसायटी निघाली. ती आपल्या वर्गणीदारांना छापील तिकिटे देई. रस्त्यावर कुणी हात पसरला तर पैसा न देता तिकीट द्यायचे; ते घेऊन त्याने सोसायटीच्या कचेरीत जायचे, तिथे त्याची चौकशी होणार, मग खाणे. सोसायटीची माणसे भिकाऱ्यांना पकडून न्यायाधीशापुढेही उभी करत. बिलीच्या मृत्यूनंतर सव्वा वर्षाने, जून १८२४मध्ये, नवा भटकेगिरीचा कायदा झाला. सार्वजनिक जागी भीक मागणाऱ्याला महिनाभराची सक्तमजुरी. जखम किंवा व्यंग दाखवून भीक मागणाऱ्याला त्याहून कडक, तीन महिन्यांपर्यंत. बिली जगला असता तर लाकडी पायावरची त्याची गिरकी या दुसऱ्या कलमात बसवायला न्यायाधीशाला फारसे कष्ट पडले नसते.

इथे हा विषय थेट आपल्या दारात येतो. मुंबई राज्याने १९५९मध्ये भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. भीक म्हणजे काय, याची व्याख्या त्यात दिली आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकायला धरणे अशा कुठल्याही ‘बहाण्याने’ सार्वजनिक जागी दान मागणे किंवा घेणे, हेही त्या व्याख्येत भीकच ठरते. कायद्याचा हा मसुदा वाचताना मी ‘बहाणा’ या कल्पनेशी अडखळलो. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालते, तो बहाणा? नंदीबैलवाला, बहुरूपी, पोतराज यांनी शतकानुशतके जे केले, तो बहाणा? हाच कायदा पुढे दिल्लीलाही लागू करण्यात आला, आणि ऑगस्ट २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे तिथल्यापुरती घटनाबाह्य ठरवली. ती केवळ एका शहराच्या व्यवस्थेची बाब नव्हती. रस्त्यावरच्या कलावंताला माणूस म्हणून कुठे उभे राहू द्यायचे, हा अडेल्फीच्या दाराशी अनुत्तरित राहिलेला प्रश्न होता.

बिली गेला, पण त्याची आकृती बाजारातून गेली नाही. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी त्याचे रंगीत पुतळे केले: तीच टोपी, तीच फिडल, तोच खुंट. मध्यमवर्गीय घरांत शेकोटीवरच्या फळीवर ते मांडले जात. दिवाळीच्या किल्ल्यावर आपली मुले मावळे, गवळणी, वाणी मांडतात, त्या मातीच्या चित्रांची मला या पुतळ्यांवरून आठवण होते. फरक एवढाच की आपल्या किल्ल्यावरचा वाणी कुठल्या एका वाण्याचा चेहरा घेऊन येत नाही. स्टॅफर्डशायरचा पुतळा एका विशिष्ट, नाव असलेल्या माणसाचा होता. त्या नावाचा आणि चेहऱ्याचा एक पेनीही त्याच्या बायको-मुलांकडे गेल्याची नोंद नाही. चित्र, नाटक, कागद, पुतळा या सगळ्यांत त्याचे भांडवल होते. वाटा मात्र नव्हता.

या कथेला एक वेगळे वळण समुद्रापलीकडे मिळाले. न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे बिलीच्या जन्मगावी, विल्यम ब्राऊन नावाच्या काळ्या नाट्यव्यवस्थापकाने १८२१मध्ये काळ्या नटांची नाटक कंपनी उभी केली होती. गोऱ्यांच्या दांडगाईला आणि पोलिसांच्या त्रासाला तोंड देत ती चालली होती. १८२३मध्ये, ज्या वर्षी बिली वारला त्याच वर्षी, या कंपनीने ‘टॉम अँड जेरी’चा खेळ लावला आणि त्यात गुलामांच्या बाजाराचा एक प्रवेश स्वतःचा घातला. लंडनमध्ये ज्या नाटकात काळा माणूस हसण्याचा विषय होता, त्याच नाटकात काळ्या नटांनी गुलामांची विक्री आणून उभी केली. बिलीला हे कळले नसणार. पण त्याच्या खेळाची रीत त्यात मला दिसते: प्रेक्षक हसायला आलेला असताना त्याला न विचारता दुसरेच काही दाखवायचे.

सेंट जाइल्सची ती दाट वस्ती १८४०च्या दशकात न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट काढण्यासाठी बरीचशी पाडली गेली. अडेल्फी थिएटर अनेकदा नव्याने बांधले गेले, पण ते स्ट्रँडवर अजून आहे आणि तिथे अजून संगीत नाटके होतात. बाहेर फुटपाथवर रांगा लागतात.

शहरे आपल्या रस्त्यावरच्या कलावंतांवर प्रेम करतात, यात मला शंका नाही. लंडनचे बिलीवरचे प्रेम खोटे नव्हते. खोटे असते तर त्याचे इतके पुतळे खपले नसते. पण ते प्रेम त्याच्या टोपीवर होते, गिरकीवर होते, गाण्यावर होते. टोपीखालच्या माणसाला महिन्याचे भाडे द्यायचे आहे, घरी मुलगी आहे, पाय दुखतो आहे, हे त्या प्रेमाच्या हिशेबात कधी आले नाही. म्हणून त्याचे स्मरण करायचे तर पुतळ्यापेक्षा हजेरीपटापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. विल्यम वॉटर्स, न्यूयॉर्क, कसलेला खलाशी, जहाज गॅनिमीड. तो गमतीदार होता की नव्हता, हे तिथे कुणी लिहिलेले नाही. त्याला काम येत होते, एवढे लिहिले आहे.